दोन्ही टोकांनी मोकळी केलेली वाट

४ फेब्रुवारी

चि. भिंगरी हिला अनेक आशीर्वाद.

पत्र बघून दचकू नकोस. इथे कुणी आजारी नाही, कुणी गेलेलं नाही, आणि वकिलाच्या कुठल्या कागदावर तुझी सही राहिली म्हणूनही लिहीत नाही. सगळं ठीक आहे. माझा उजवा गुडघा सोडला तर.

तुला नुसतं 'चि.' लिहावं की आणखी काही, यात तीन कागद वाया घालवले. शेवटी म्हटलं, या घरात सहा वर्षं तुला सगळे भिंगरीच म्हणायचे, तेच लिहावं. सून नसलीस तरी भिंगरी आहेसच. कागदावर सह्या करून ते थोडंच जातं!

पत्ता पोस्टातल्या बाईंनी दिला. तुमच्या खालच्या गावाचं टपाल आमच्याच पोस्टातून जातं, आणि तुझे बाबा दर महिन्याला तुला पार्सल पाठवतात, त्यामुळे तो त्यांना तोंडपाठ झालाय. नियमात बसत नाही म्हणाल्या. मी म्हटलं, बाई, तुमची दोन्ही बाळंतपणं मी केली तेव्हाही नियमात बऱ्याच गोष्टी बसत नव्हत्या. मग त्यांनी गुपचूप पाकीट पुढे ओढलं आणि स्वतःच्या हातानं पत्ता घातला. त्यांच्याकडूनच कळलं की तू बंदरावर क्रेन चालवतेस. खरं का गं? तिमजली इमारतीएवढ्या उंचीवर, काचेच्या खोलीत बसून? मी पोस्टात उभ्या उभ्या हसत सुटले. इथे माळ्यावरचा डबा काढायला तू स्टुलावर चढलीस की मी खालून बोंबलायचे, 'पडशील, उतर!' आता कोण ओरडतं खालून?

तर मुद्द्याची बातमी. मी नदीकाठची वाट मोकळी करतेय.

आपल्या परसातल्या फाटकापासून निघून नदीच्या कडेकडेनं तुझ्या गावापर्यंत जाते ती. साडेअकरा किलोमीटर. पलीकडून डांबरी रस्ता झाला, बस सुरू झाली, आणि माणसांनी या वाटेकडे पाठ फिरवली. मी मात्र एकतीस वर्षं नर्स म्हणून हिच्यावरून पायपीट केली आहे. हातात पिशवी, पिशवीत कात्री, कापूस, उकळलेल्या सुया, आणि डोक्यात एकच गोष्ट, पोचेपर्यंत बाळानं धीर धरावा. पाणचक्कीवाल्याच्या जुळ्यांनी नाही धरला. पहिलं पिठाच्या पोत्यावर झालं, दुसऱ्यासाठी निदान चादर तरी मिळाली. दोघंही बाहेर आली तेव्हा इतकी पांढरी होती की मी घाबरलेच. मग पुसल्यावर कळलं, पीठ आहे.

डॉक्टर म्हणाले, गुडघा हवा असेल तर चाला. रस्त्यावर चालायला गेले तर ट्रक अंगावरून जातात. मग परसातलं फाटक उघडून बघितलं. वाट कुठली, नुसतं रान! कमरेएवढं गवत, त्यावर काटेरी जाळ्या, आणि मधूनच आडवं पडलेलं झाड. दवाखान्यातले रबरी हातमोजे घालून गेले, ते पाव तासात फाटले. मग रीतसर कातडी मोजे आणले, कोयता घेतला, बूट घेतले, आणि रोज सकाळी सात ते दहा असं सुरू केलं. पहिल्या आठवड्यात फक्त बंधाऱ्यापर्यंत पोचले. म्हणजे परसातून हाक मारली तर ऐकू येईल एवढंच. पण काय सांगू, एवढी झोप मला वर्षानुवर्षं लागली नव्हती.

बंधाऱ्यावर खंड्या बसतो. मी कोयता चालवला की उडून पलीकडच्या खांबावर जातो आणि माझ्याकडे असा बघतो, जणू ही बाई कुणाच्या परवानगीनं आली. पुढच्या वळणावर वाळुंजाची झाडं पाण्यावर अगदी ओणवी झाली आहेत. त्यांच्या मुळांत पाणमांजराचं बीळ आहे. मासोळीची डोकी पडलेली असतात बाहेर, रांगेत. आता पाणचक्कीपाशी आहे. साधारण चार किलोमीटर झाले.

ही वाट शेवटची कुणी तुडवली ते मला माहीत आहे. पण ते राहू दे.

एक गंमत आहे मात्र. परवा पाणचक्कीपाशी दम खायला बसले होते, तर खालच्या अंगानं करवतीचा आवाज आला. लांबून, पण स्पष्ट. नदीवरून आवाज लांबवर येतो. मी उठून वळणापर्यंत गेले. कुणीतरी पलीकडच्या टोकानं वाट मोकळी करत येतंय. पाण्यातून एक फांदी वाहत... नाही, वाहत कशी येईल, मी वरच्या अंगाला. म्हातारपणी अक्कलही उलटी वाहायला लागते. फांदी दिसली नाही, नुसता आवाज. पण करवत चालवण्याची एक लय असते, भिंगरी. दोन लांब, एक आखूड, मग थांबून फुंकर. अशी करवत मी एकाच माणसाची ऐकली आहे, तुझ्या लग्नात कपाट करायला ते आमच्या अंगणात आठ दिवस बसले होते तेव्हा.

नाव लिहीत नाही. तुला कळलं असेलच.

उत्तर पाठवलंच पाहिजे असं काही नाही. पोटाला वेळेवर खात जा.

आशीर्वाद.
वरच्या गावची नर्सबाई


२२ मार्च

चि. भिंगरी हिला आशीर्वाद.

तुझं उत्तर आलं नाही. मी वाट बघतही नव्हते. रोज अकराच्या सुमारास दारात उभी राहायचे ते आपलं उन्हासाठी.

आधी तुझ्या बाबांची बातमी देते, म्हणजे तू पत्र पुढे वाचशील. प्रकृती उत्तम. आवाज पूर्वीसारखाच. खोकला कमी आहे. मला कसं माहीत? सांगते.

पाणचक्की ओलांडली, वीटभट्टीचं जुनं आवार ओलांडलं, आणि फेब्रुवारीच्या शेवटी मी ओढ्यापाशी पोचले. नदीला येऊन मिळतो तो मोठा ओढा. पूर्वी त्याच्यावर ओंडके टाकलेले होते, ते कधीच वाहून गेलेत. आता दोन्हीकडे पुरुषभर खोल दरड आणि मधे पाणी. मी ऐलतीरी शेवटची जाळी तोडत होते. वर बघते तो पैलतीरी तुझे बाबा उभे. हातात करवत, कानावर पेन्सिल, डोक्यावर तीच टोपी. बघताहेत. मीही बघतेय. तीन वर्षांत आम्ही एकमेकांशी चकार शब्द बोललो नव्हतो. तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी ते छकडा घेऊन आले, स्वतः केलेलं कपाट एकट्यानं उतरवलं, माझ्याकडे न बघता गेले. तेवढीच शेवटची भेट.

तर असे आम्ही दोघं. मधे ओढा. मला वाटलं, आता ते पाठ फिरवून चालू लागणार.

ते म्हणाले, "विहीणबाई, कोयता उलटा धरलाय."

मी म्हटलं, "तीन वर्षांनी तोंड उघडलंत, ते याच्यासाठी?"

"हात कापून घ्याल म्हणून सांगितलं."

"दीड महिना असाच धरतेय. शाबूत आहे हात."

"तरीच त्या बाजूच्या फांद्या उंदरानं कुरतडल्यासारख्या दिसतात."

मला इतका राग आला आणि इतकं हसू आलं, की दोन्ही एकदमच बाहेर पडलं. तेही हसले. तुझ्या बाबांना हसताना बघितलंयस ना? खांदे आधी हसतात, तोंड मागाहून.

मग रोजच. ते पलीकडे, मी अलीकडे. त्यांनी दोरी फेकली, मी ती झाडाला बांधली. गाठ चुकली म्हणून तीनदा सोडायला लावली. मी म्हटलं, मी नाळ बांधते तशी बांधली आहे, आजवर एकही सुटलेली नाही. ते म्हणाले, पूल आणि पोरगं यात फरक आहे, पूल रडून सांगत नाही. दोरीला डबा लटकवून आम्ही वस्तू इकडून तिकडे पाठवायचो. मी उकडलेली अंडी पाठवली, त्यांनी थर्मासमधला चहा. त्यांचा चहा म्हणजे साखरेचं पाणी. तसं मी ओढ्यावरून ओरडून सांगितलं. माणसं रोज समोरासमोर राहून जेवढं बोलत नाहीत तेवढं आम्ही ओरडून बोललो.

मग सहा तारखेला त्यांनी मला विचारलं. काम थांबवून, करवत खाली ठेवून. ओरडले नाहीत, साध्या आवाजात विचारलं, आणि तरी मला नीट ऐकू आलं. "विहीणबाई, तुमच्या मुलाचं बाहेर काही चाललंय, हे तुम्हाला आधीपासून माहीत होतं का?"

मी 'हो' म्हटलं.

ते खाली वाकले. करवत पोत्यात गुंडाळली आणि गेले. आठ दिवस आले नाहीत. मी रोज जात होते. करायला काही नव्हतं, माझ्या बाजूचं काम संपलं होतं. तरी जाऊन बसत होते, गवत काढत होते, काढलेलंच पुन्हा काढत होते. नवव्या दिवशी छकड्यावर दोन लांब तुळया घालून ते हजर. खाली उतरवल्या, मापं घेतली, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "मला सांगून काय उपयोग? तिला सांगा."

म्हणून हे पत्र, भिंगरी. पहिल्या पत्रातही हेच लिहायचं होतं. खंड्या आणि पाणमांजर लिहीत बसले.

मला जूनमध्येच कळलं होतं. तो शहरात कामाला जायचा तिथली ती. एका रविवारी तू तुझ्या गावी गेली होतीस, तेव्हा तो माझ्यासमोर बसून रडला. म्हणाला, आई, मला तिच्याशिवाय राहवत नाही, आणि हिला सांगायचं धाडस होत नाही. मी काय म्हटलं असेल? मी म्हटलं, थांब, घाई करू नकोस, कुणाला बोलू नकोस. मला वाटलं, ताप आहे, उतरेल. आयुष्यभर तापाचेच रोगी बघितले ना. चार महिने मी त्याला गप्प बसवलं आणि स्वतःही गप्प बसले.

त्याच चार महिन्यांत माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. दवाखान्यात माझ्याजवळ कोण होतं? तू. दर दोन तासांनी डोळ्यांत थेंब घालायचीस, मला पेपर वाचून दाखवायचीस, आणि मला न आवडणाऱ्या बातम्या गाळायचीस, तेही मला कळायचं. एकदा वाचता वाचता म्हणालीस, "आई, हल्ली हा माझ्याशी बोलतच नाही, माझं काही चुकतंय का?" माझ्या डोळ्यांवर पट्टी होती. मी म्हटलं, "कामाचा ताण असेल."

आणि मग ऑक्टोबरातली ती सकाळ. तुला बाहेरून कळलं होतं. बॅग भरून स्वयंपाकघराच्या दारात आलीस. आरडाओरडा नाही, काही नाही. फक्त विचारलंस, "आई, तुम्हाला माहीत होतं?" मी 'नाही' म्हटलं. तू मान हलवलीस, परसात गेलीस, आणि नदीच्या वाटेनं चालायला लागलीस, कारण सकाळची बस गेली होती. साडेअकरा किलोमीटर, बॅग घेऊन. मी माडीवरच्या खिडकीतून बघत होते. हाक मारता आली असती. बंधाऱ्याच्या वळणापर्यंत तू दिसत होतीस, तिथपर्यंत हाक ऐकूही गेली असती.

मी तुझ्याशी खोटं बोलले. मुलाची बाजू घ्यायची म्हणून नव्हे. तू माझ्याकडे ज्या नजरेनं बघायचीस ती जाऊ नये म्हणून. ती तशीही गेलीच.

माफ कर असं लिहिणं सोपं आहे म्हणून लिहीत नाही. तुला हवं ते कर. हे पत्र फाड, नाहीतर क्रेननं उचलून समुद्रात टाक.

पुलाच्या तुळया बसल्या आहेत. आता फळ्या.

वरच्या गावची, तुझ्याशी खोटं बोललेली


७ मे

माझ्या भिंगरीला खूप खूप आशीर्वाद.

तू परत जाऊन आठ दिवस झाले. समोरासमोर असताना माझी जीभ लुळी पडली, म्हणून पुन्हा लिहायला बसले. मला लिहिता येतं, हे या वयात कळलंय. आता तू भोग आपल्या कर्माची फळं.

आधी तुझ्या त्या चार ओळींबद्दल. एप्रिलच्या दोन तारखेला पोस्टातल्या बाई स्वतः पत्र घेऊन घरी आल्या, आणि मी ते उघडेपर्यंत दारातून हलल्या नाहीत. तू लिहिलं होतंस: 'तुम्ही नाही म्हणालात आणि लगेच हात धुवायला वळलात. हात स्वच्छच होते. मला तेव्हाच कळलं. त्याचा राग कधीच गेला. पण वळणावर मी मागे बघितलं तेव्हा तुम्ही खिडकीचा पडदा ओढून घेतलात, तो अजून आहे. वाट सुरू कधी होतेय ते कळवा.'

मला वाटत होतं, तू पडदा बघितला नाहीस. इतकी वर्षं मी स्वतःलाही तो सांगितला नव्हता. गेल्या पत्रात सगळं ओकले आणि पडदा तेवढा गिळला. बघितलंस ना, कशी बाई आहे मी? त्या दिवशी मी माडीवर गेले, पडदे काढले, धुतले, आणि बसस्टँडवरच्या चहावालीला देऊन टाकले. तिला हवेच होते.

आणि मग अठ्ठावीस तारीख, वाट उघडायचा दिवस. भिंगरी, माझ्या सहासष्ट वर्षांत एवढी मजा आली नव्हती!

मला वाटलं होतं, दहा-पंधरा माणसं येतील. परसात बघते तर दीडशे! गावच्या कार्यालयातले गलेलठ्ठ कारकून इस्त्रीचा शर्ट घालून. पाणचक्कीवाल्याची जुळी, आता मिशा फुटलेली, मला म्हणतात, "नर्सबाई, आमच्या जन्मस्थळी थांबा हं, फोटो काढायचाय." दोघांना मिळून एकच छत्री, कारण दुसरी कुणी आणायची यावरून भांडण. माझे गुडघे शहाण्यासारखे वागले. बंधाऱ्यावर खंड्यानं एवढी गर्दी बघितली आणि जो उडाला तो थेट तुमच्या गावाकडे. तुम्हाला वाटेत भेटलाच असेल.

ओढ्यापाशी पोचलो. पलीकडून तुम्ही सगळे. कारकुनांनी पुलावर लाल फीत बांधली आणि कात्री घरीच विसरले. ते घामाघूम. तुझे बाबा पलीकडून ओरडले, "विहीणबाईंकडे कोयता आहे, पण सुलटा धरायला सांगा!" दीडशे माणसांत! मी तशीच पुढे झाले आणि एका घावात फीत तोडली. माझ्या हातानं पूल उघडला गेला, आणि पलीकडच्या गर्दीतून तू बाहेर आलीस.

तू पुलावर पाऊल टाकलंस तेव्हा माझं लक्ष आधी तुझ्या चालण्याकडे गेलं. काय करू, एकतीस वर्षांची सवय. पाय किंचित फाकलेले, कंबर मागे, एक हात कमरेवर. तू अजून अर्ध्या पुलावर होतीस आणि माझे मनात महिने मोजून झाले होते. पाचवा. तुझ्या मागोमाग बाळाचा बाप, तो बोटीवरचा मेकॅनिक, शहरी बुटांनी टाचा सोलून घेतलेला, तरी हसतोय. मला नमस्कार केला आणि गोंधळला. म्हणाला, "तुम्हाला मी काय म्हणू?" मी म्हटलं, आधी बूट काढ, टाच बघू दे, नात्याचं मग ठरवू. चांगला आहे गं. फोडावर औषध लावताना अजिबात ओरडला नाही, आणि त्या वेळातही डोळा तुझ्यावर, की ती उन्हात तर उभी नाही ना.

तुझे बाबा पुलाच्या तोंडाशी उभे राहून सगळ्यांना दटावत होते, "एका वेळी आठच जण! आठ म्हणजे आठ!" कारकुनांकडे बघून म्हणाले, "तुम्ही एकटेच दोघांत धरले जाल." तुझ्या पोटातल्याला नववा धरावा का, हा त्यांना खराच प्रश्न पडला होता. शेवटी म्हणाले, त्याचं वजन पूल सोसेल.

मग तू मला बाजूला घेऊन गेलीस. ओढ्याकाठच्या एका वाळुंजाखाली बसलो. मी त्या सकाळबद्दल बोलायला तोंड उघडलं, तर म्हणालीस, "पुरे आता, पत्र दोनदा वाचलं." आणि मग एकदम म्हणालीस, "सप्टेंबरात याल?"

मी म्हटलं, "तिकडे मोठं इस्पितळ असेल. डॉक्टर, यंत्रं. माझ्यासारखीचं तिथे काय काम? मला तर आता आत जाऊही देणार नाहीत."

तू म्हणालीस, "नर्स म्हणून नकोच आहात. नर्सा तिथे ढीगभर आहेत. नुसतं शेजारी बसायला या. माझी आई असती तर ती बसली असती."

आणि मी काय म्हटलं? 'बघू.'

तुझा चेहरा उतरला. तू लगेच हसून विषय बदललास, मेकॅनिकच्या बुटांवर काहीतरी बोललीस. पण मी बघितलं. परतीच्या वाटेवर साडेपाच किलोमीटर मी तो एक शब्द चघळत आले. माणसं हसत होती, जुळी गात होती, आणि मी मनात स्वतःला शिव्या घालत होते.

तुला वाटलं असेल, म्हातारीला जड जातंय. बाळ दुसऱ्याचं, आपलं नातं काय, लोक काय म्हणतील. नाही गं. ते ऐकल्याबरोबर मला उठून नाचावंसं वाटलं होतं. पण मी एकदा एकाचं दुसऱ्यापासून लपवलं होतं, आणि त्याचं काय झालं ते आपण दोघींनी बघितलं. या वेळी तुला 'हो' म्हणण्याआधी मला मुलाला सांगायचं होतं. त्याच्या पाठीमागे नको, आणि त्याची परवानगी म्हणूनही नको. फक्त त्याला माहीत असावं म्हणून.

रविवारी तो आला, त्याच्या बायकोला घेऊन. जेवणं झाली. मी दोघांसमोर सांगितलं, की भिंगरीला बाळ होणार आहे आणि सप्टेंबरात मी तिच्याकडे जाणार आहे. तो उरलेला भाकरीचा तुकडा ताटात फिरवत राहिला. मग म्हणाला, "मग मी कोण तुझा?"

मी म्हटलं, "तू मुलगा. ती जागा कुणी मागितलेली नाही."

"तिनं माझ्याबद्दल काही विचारलं?"

"नाही."

खोटं बोलता आलं असतं, त्याला बरं वाटेल असं काहीतरी. नाही बोलले. त्यानं मान हलवली. त्याची बायको उठली, आत गेली. मला वाटलं, बिनसलं. तर ती आतून माझी जुनी प्रवासाची बॅग घेऊन आली, चेन ओढून बघितली, आणि म्हणाली, "ही चालणार नाही, चेन अडकते. आमच्याकडची देते." बस, एवढंच. तिच्याशी मी तीन वर्षं तुटक वागले, तुझ्यासाठी वागतेय असं स्वतःला सांगून. त्या पोरीचंही माझ्याकडे बरंच देणं निघतं, पण तो निराळा विषय. जाताना तो दारात थांबला आणि म्हणाला, "गाडीत बसवायला मी येईन." मग परसातून नदीकडे बघत उभा राहिला. मी त्याला एकटं सोडलं.

तुझे बाबा आता दर गुरुवारी वाटेनं चालत इकडे येतात. म्हणतात, फळ्या तपासायला. फळ्या आहेत ओढ्यावर, हे चहा पितात माझ्या ओट्यावर! मी बिनसाखरेचा देते. तोंड वाकडं करतात आणि दुसरा कप मागतात. परवा त्यांना सांगितलं, मी जातेय. ते कानावरची पेन्सिल काढून बघत बसले, पुन्हा कानावर ठेवली, आणि म्हणाले, "मीही आलो असतो. पण मला ते इस्पितळाचे वास सहन होत नाहीत. तुम्ही गेलात म्हणजे झालं." डोळे भरले होते. मी बघितलं नाही असं दाखवलं.

आता नीट ऐक. मी एक सप्टेंबरला निघते. लवकर झालं तर लवकर, तार कर, फोन कर, पोस्टातल्या बाईंना सांग, मी सुटेन. बाळ झाल्यावर महिनाभर राहीन, तुला कंटाळा आला तर सांग, मी बंदरावर क्रेन बघत फिरेन. इस्पितळात मी कुठल्याही नर्सला शिकवायला जाणार नाही. हे लिहितानाच कठीण जातंय, पण वचन देते. तू ओरडशील तेव्हा 'जोर लाव' म्हणणार नाही. हात पुढे करीन, तो तुला हवा तेवढा दाब.

मला काही काम देऊ नकोस. आयुष्यभर मी खाटेजवळ उभीच होते. बसले कधी नाही.

तुझी,
बसायला येणारी